केप कोस्टची वखार

घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्ट आणि एल्मिना या दोन वास्तूंना तिथे कॅसल म्हणतात, त्यामुळे मराठी माणूस साहजिकच किल्ला बघायच्या तयारीने जातो. तट आहे, बुरुज आहेत, समुद्राकडे तोंड केलेल्या तोफांची रांग आहे, एल्मिनाला तर दुहेरी खंदकही आहे. वसई, कोर्लई, रेवदंडा पालथं घातलेल्या डोळ्यांना हे सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच चूक होते. मग चोरदिंडी कुठे, दारूकोठार कुठे असं शोधण्यात तास जातो आणि मुख्य गोष्ट हुकते. आमचं सांगणं एवढंच की वखार बघायला चाललोय असं समजून आत शिरावं. सुरतेची वखार, राजापूरची वखार आपण शाळेपासून ऐकत आलोय. माल आणायचा, मोजायचा, साठवायचा, जहाज लागलं की चढवायचा, आणि प्रत्येक नगाची वहीत नोंद करायची. अठराव्या शतकात या वखारींमधला मुख्य माल म्हणजे माणसं होती. हे मनात पक्कं असलं, की जमिनीला उतार का, झरोके इतके उंच का, शेवटचं दार इतकं अरुंद का, हे गाईडने तोंड उघडायच्या आत कळायला लागतं.

जाण्याआधीचं एक काम राहिलं तर सगळा प्रवास अडतो. ते म्हणजे पिवळ्या तापाची लस. घानात उतरताना तिचं पिवळं कार्ड बघतात, पण आपल्या लोकांना खरा फटका बसतो तो परतताना. पिवळ्या तापाच्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे वैध कार्ड नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. लस टोचल्यावर कार्ड दहा दिवसांनी वैध होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो, म्हणून विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी लसीची तारीख घ्यावी. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरशी बोलावं. कार्डावरचं नाव पासपोर्टमधल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय ना, तारीख आणि शिक्का स्पष्ट आहे ना, हे केंद्राच्या खिडकीवरच तपासावं. वडिलांचं नाव एकात आहे आणि एकात नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्यावं, कारण त्या निघण्याआधीच सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात.

घानाची राजधानी अक्राहून केप कोस्ट साधारण १४५ किलोमीटर. नकाशावर अडीच तास दिसतात, प्रत्यक्षात वाटेतल्या कासोआ गावाच्या कोंडीत किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. पहाटे निघालं तर कासोआ मोकळं मिळतं. अक्रातल्या कानेशीच्या स्टँडवरून केप कोस्टच्या व्हॅन सुटतात. गाडी भरली की सुटते, वेळापत्रक नाही. रस्ता किनाऱ्याच्या बाजूने जातो. अबांद्झे गावाजवळ टेकाडावर एक पडका किल्ला दिसतो, तिकडे लक्ष ठेवावं. हे कोरमंटिन. १६५० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं इथला व्यवहार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात होता. कंपनीची जहाजं आधी इथे येऊन सोनं आणि हस्तिदंत भरत आणि तेच घेऊन सुरतेकडे, मद्रासकडे जात. आपल्याकडच्या कापडाची किंमत चुकवायला इथलं सोनं लागायचं. राजापूरची वखार आणि ही वखार एका काळात एकाच कंपनीच्या वह्यांत होती, हे डोक्यात ठेवून पुढे गेलेलं बरं.

बहुतेक लोक थेट केप कोस्टला जातात. जमत असेल तर आमचा आग्रह आहे की आधी आसिन मान्सोला जावं. केप कोस्टपासून उत्तरेला, कुमासीच्या रस्त्यावर, साधारण ४० किलोमीटर. पकडलेली माणसं उत्तरेकडच्या सवाना प्रदेशातून, सलागासारख्या बाजारांतून, साखळदंडात आठवडे न् आठवडे चालत याच वाटेने खाली आणली जात. किनारा जवळ आला की इथल्या ओढ्यात त्यांना आंघोळ घालत, अंगाला तेल चोळत, खायला घालत, म्हणजे खरेदीदाराला माल तुकतुकीत दिसावा. त्या जागेचं नाव दोंकोर न्सुओ, गुलामांचं पाणी. फाटकापासून ओढ्यापर्यंत बांबूच्या सावलीतून पायवाट आहे आणि पुष्कळ लोक ती अनवाणी चालतात. तुम्हीही चाललात तर चालेल, पण पावसाळ्यात माती निसरडी असते आणि मुंग्या असतात. ओढा लहान आहे, पाणी गढूळ. बघायला म्हणावं तर काही नाही. पण समुद्राकाठच्या कोठडीच्या आधी हा ओढा बघितला की माणसांचं माल होणं किनाऱ्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि त्यात आफ्रिकेतले राजे, सरदार, दलालही होते, हे लक्षात राहतं. फाटकाच्या आतच दोन थडगी आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेतून आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष आणून इथे पुरले. ते समुद्रमार्गे केप कोस्टला आणले आणि ज्या दारातून माणसं बाहेर जायची त्याच दारातून आत घेतले. त्या दाराबद्दल पुढे येईलच.

केप कोस्ट कॅसल सकाळी नऊला उघडतो. दहाच्या आत पोचलात तर शाळांच्या सहलींच्या आधी आत जाता येतं. दुपारी तीननंतर पोचू नये, कारण शेवटचा गट निघून गेला की पैसे देऊनही कोठड्यांत सोडत नाहीत. परदेशी माणसाला तिकीट जास्त पडतं आणि गाईडची फेरी त्यातच धरलेली असते. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र सोबत ठेवा, सवलत मिळते. सेडीत, म्हणजे घानाच्या चलनात, रोकड जवळ असू द्या. कॅमेऱ्याचे वेगळे पैसे पडतात का, ते खिडकीवरच विचारून घ्यावं, म्हणजे आत वाद होत नाही.

फाटकाबाहेर पोरं गाठतात. नाव विचारतात, देश विचारतात, हात मिळवतात, फार गोड बोलतात. आपण नाव सांगतो. तासाभराने बाहेर आलं की तेच पोर शिंपल्यावर किंवा हातातल्या कड्यावर आपलं नाव घालून उभं असतं आणि आता घ्याच म्हणून मागे लागतं. दुसरा प्रकार फुटबॉलच्या संघासाठी वर्गणीचा कागद. यात धोका काही नाही, पण आतून जे बघून माणूस बाहेर येतो त्यानंतर दोन सेकंदांत घासाघीस करायची त्याची मनःस्थिती नसते. म्हणून आत जातानाच हसून, नाव न सांगता, नको म्हणून मोकळं व्हावं.

फेरीच्या आधी वरच्या मजल्यावरचं संग्रहालय बघून घ्या. नंतर बघायचं ठरवलं तर होत नाही, नंतर कुणाचं मन लागत नाही. आत बेड्या आहेत, व्यापाराच्या वस्तू आहेत, जहाजात माणसं कशी रचत त्याची चित्रं आहेत. आपण थांबावं ते व्यापाराच्या वस्तूंपाशी. युरोपातून दारू, बंदुका, लोखंड यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पश्चिम आफ्रिकेत आलेल्या मालात मोठा वाटा कापडाचा होता, आणि त्या कापडातलं पुष्कळसं भारतीय होतं. गुजरातेतली निकानी, बाफ्ता, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं निळं कापड. ईस्ट इंडिया कंपनी ते लंडनच्या लिलावात विकायची, तिथून आफ्रिकेचे व्यापारी उचलायचे. इंग्लंडच्या संसदेने १७०१ आणि १७२१ मध्ये छापील भारतीय सुती कापड देशात वापरायला बंदी घातली, पण बाहेर पाठवायला मोकळीक ठेवली. ते बाहेर म्हणजे बऱ्याच अंशी हाच किनारा. इथले खरेदीदार चोखंदळ होते. पट्टा कुठला, निळा किती गडद, हे बघून घ्यायचे आणि पसंत नसलेला गठ्ठा परत जायचा. विणकराला त्याचं कापड कुठे जातंय याची कल्पनाही नसणार. तरी आपल्या माणसाने इथे परका पाहुणा म्हणून फिरू नये असं आम्हाला वाटतं, ते या गठ्ठ्यांमुळे. कवड्यांची गोष्टही गाईड सांगतात. त्या मालदीवच्या, पण त्यांचा चलन म्हणून मोठा वापर इथून पूर्वेला, बेनिनच्या बाजूला होता. या किनाऱ्यावर चलन सोन्याच्या भुकटीचं.

आता चौकात या. समोर समुद्र, तोफा, बाजूला गोळ्यांच्या राशी. चौकात तीन थडगी आहेत. त्यातलं फिलिप क्वाकूचं आवर्जून बघा. तो इथलाच, किनाऱ्यावरच्या फांटे समाजातला मुलगा. त्याला इंग्लंडमध्ये शिकायला पाठवलं आणि १७६५ मध्ये तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी पाद्री झाला. परत येऊन त्याने याच वास्तूत पन्नास वर्षं, १८१६ मध्ये वारला तोपर्यंत, धर्मोपदेशकाचं काम केलं आणि शाळा चालवली. पायाखालच्या मजल्यावर माणसं कोंडलेली असताना. गाईड हे थडगं घाईत ओलांडतात, तुम्ही थांबायला सांगा.

वास्तूचा इतिहास एका दमात सांगायचा तर १६५३ मध्ये स्वीडिश कंपनीने इथे पहिला कोट उभारला, मग डेनिश, डच अशा हातांतून तो १६६४–६५ च्या सुमारास इंग्रजांकडे आला आणि राहिला. १६७२ पासून रॉयल आफ्रिकन कंपनी, १७५० नंतर व्यापाऱ्यांची नवी कंपनी. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, आणि तीच वास्तू १८७७ पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानाच्या, वसाहतीची राजधानी म्हणून चालली. युरोपियनांची जमिनीवर मालकी नव्हती. किनाऱ्यावरच्या राजांना ते भाडं आणि नजराणे देत. किल्ला म्हणून बघणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, वखार म्हणून बघणाऱ्याला नाही.

पुरुषांच्या कोठडीत जाताना बूट घट्ट बांधा, चप्पल घालू नका. विटा-दगडांचा उतार अंधारात खाली जातो, कुठे कुठे गुळगुळीत झालाय आणि पावसाच्या दिवसांत ओलसर असतो. खाली कमानीच्या छताच्या पाच खोल्या एकीतून दुसरीत उघडतात. उजेड आणि हवा येते ती फक्त छताजवळच्या लहान झरोक्यांतून, तेही इतके उंच की दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तरी हात पोचू नये. जमिनीत मध्यातून एक उथळ गटार कोरलेलं आहे, समुद्राच्या दिशेने उतरतं. दिसायला साधी पन्हळ. शेकडो माणसांच्या मलमूत्राला ते पुरणं शक्य नव्हतं आणि पुरलंही नाही. इथे जमीन खणली तेव्हा मूळ फरशीवर विष्ठा, रक्त, उलट्या, अन्न यांचा दगडासारखा घट्ट बसलेला थर निघाला. काही भागात तो काढून खालच्या विटा उघड्या केल्या आहेत, बाकी तसाच ठेवलाय. थर काढलेला भाग आणि तसाच ठेवलेला भाग जिथे मिळतात तिथे खाली वाकून बघा. एका बाजूला विटांचे सांधे स्वच्छ दिसतात, दुसऱ्या बाजूला काळपट, सपाट, सांधे नसलेली जमीन. आपण इतका वेळ कशावर उभे होतो ते तेव्हा कळतं.

गाईड इथे दिवे घालवतात. मिनिटभरच. कोंदटपणाचा त्रास असणाऱ्यांनी गटाच्या शेवटी, दाराच्या बाजूला उभं राहावं आणि आधी सांगून ठेवावं. तसं सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. गटात पुष्कळदा अमेरिकेतून, कॅरिबियन बेटांतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं असतात. त्यांच्यासाठी हा पूर्वजांच्या घाटावर येण्यासारखा प्रसंग असतो. कुणी रडतं, कुणी भिंतीला हात लावून उभं राहतं, कुणी पुढे जायला नकार देतं. त्यांच्याकडे टक लावू नये, समजूत काढायला जाऊ नये, त्यांचा फोटो तर अजिबात काढू नये. काहींना एकटं राहायचं असतं, तेव्हा आपण गटासकट पुढे सरकावं.

आकड्यांबद्दल थोडं. एका वेळी हजार पुरुष आणि पाचशे बायका इथे कोंडत असं गाईड सांगतात. तो जास्तीत जास्त मावणाऱ्यांचा अंदाज म्हणून ऐकावा. किती माणसं आहेत ते जहाज कधी आलं त्यावर ठरायचं, आणि जहाज यायला आठवडे, कधी तीन महिने लागत. एकूण अटलांटिक व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली, त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. सगळ्या गोल्ड कोस्टवरून गेलेली सुमारे बारा लाख. म्हणजे इथून कोटभर गेले वगैरे ऐकलं तर ते चूक समजावं. या वास्तूला आकडा फुगवायची गरज नाही.

खालच्या शेवटच्या खोलीत एक भिंत बांधून बंद केलेली आहे. तिच्यामागे समुद्राच्या दाराकडे जाणारा भुयारी मार्ग होता. व्यापार थांबल्यावर तो बुजवला. आता त्या भिंतीपाशी नाना ताबीर या इथल्या दैवताचं ठाणं आहे. ही वखार ज्या खडकावर बांधली तो आधी त्या दैवताचाच होता. पुजारी बसलेला असतो, दारू किंवा पाणी जमिनीवर ओतून पितरांना हाक मारतो. आपल्या तर्पणाशी नातं सांगणारी गोष्ट आहे. नोट ठेवायची तर ठेवावी, सक्ती नाही. आसपास लोकांनी ठेवलेली पुष्पचक्रं असतात, त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला हरकत नाही, हलवू मात्र नयेत.

वर आलं की गाईड वर बघायला सांगतो. पुरुषांच्या कोठडीच्या बरोबर डोक्यावर चर्च होतं. हे ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा, पण वखारीच्या हिशोबाने बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. माल तळमजल्यावर, थंड आणि बंद जागेत. वर कचेऱ्या, बैठकीची खोली, गव्हर्नरचं घर, जिथे समुद्राचा वारा येतो. कुठल्याही गोदामाची हीच रचना असते. कुणी मुद्दाम क्रूरपणाने चर्च तिथे नेलं असं समजायची गरज नाही. खाली माल आहे म्हणून कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, आणि आमच्या मते त्यातच सगळं आलं.

माल हा शब्द आम्ही वापरतोय तो त्यांच्या वह्यांतला आणि कायद्यातला. रॉयल आफ्रिकन कंपनी गुलामांच्या अंगावर तापल्या लोखंडाने डीवाय ही अक्षरं डागायची, ड्यूक ऑफ यॉर्क या तिच्या प्रमुखाची. गठ्ठ्यावर मारतात तशी. तटावर उभं राहून समोरचा समुद्र बघताना झाँग हे नाव आठवावं. १७८१ मध्ये हे जहाज याच किनाऱ्यावर आतल्या गुलामांसकट विकत घेतलं गेलं, आणखी माणसं भरून ऑगस्टमध्ये अक्राहून सुटलं तेव्हा आत ४४२ जण होते. जमैकाजवळ वाट चुकल्यावर खलाशांनी १३० हून जास्त जणांना जिवंत समुद्रात टाकलं आणि मालकांनी त्यांची विम्याची रक्कम मागितली. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात खटला चालला तो विम्याचा. खुनाचा चाललाच नाही. ज्युरीने आधी मालकांच्या बाजूने निकाल दिला, नंतर फेरसुनावणीचा आदेश झाला.

बायकांच्या कोठड्या समुद्राच्या दारालगत आहेत. लहान, बुटक्या. त्यांच्यापुढे ते दार, काळं, लाकडी, दोन फळ्यांचं. आतल्या बाजूला पाटी आहे, डोअर ऑफ नो रिटर्न. गाईड दार उघडतो आणि एकदम उजेड, मासळीचा वास, माणसांचे आवाज आत येतात. बाहेर कोळीवाडा आहे. रंगवलेल्या लांब होड्या, त्यांवर बायबलातली वचनं आणि झेंडे, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. इथे धक्का नाही, कधीच नव्हता. लाटा फुटतात आणि किनारा खडकाळ आहे, म्हणून जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकत आणि फांटे नावाडी होड्यांतून माणसं तिथवर पोचवत. होड्यांचा घाट आजही साधारण तोच आहे. मंगळवारी या किनाऱ्यावर समुद्रावर जायचं नाही अशी रीत आहे, त्यामुळे मंगळवारी सगळ्या होड्या वाळूत ओढलेल्या असतात आणि दारासमोर जाळ्यांचे ढीग. बाहेर दोन पावलं जाऊन मागे वळून बघा. दाराच्या बाहेरच्या बाजूला पाटी वेगळी आहे, डोअर ऑफ रिटर्न. १९९८ मध्ये ते अवशेष याच बाजूने आत आले. कोळ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ती त्यांची कामाची जागा आहे, आणि नको म्हणाले तर मोबाईल खिशात.

पांढऱ्या रंगाबद्दल सगळेच विचारतात. इतकी भीषण जागा आणि बाहेरून चुन्याने चकचकीत. १९९० च्या दशकात डागडुजी झाली तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी यावर कडाडून टीका केली, इतिहासालाच सफेदी फासताय म्हणून. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण खाऱ्या हवेत दगड-विटांच्या जुन्या भिंतीला चुन्याचा हात लागतोच. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर पडू देतो. सिमेंट लावलं तर ओल आत अडकते, मीठ फुलतं आणि चार पावसाळ्यांत दर्शनी थर पोपडा होऊन पडतो. कोकणातल्या कुठल्याही चुकीच्या डागडुजीत हे बघायला मिळतं. बाहेर चुना आणि आत कोठड्या जशाच्या तशा, ही आजची व्यवस्था आम्हाला बरोबर वाटते.

एल्मिना पश्चिमेला १३ किलोमीटर. दोन्ही एका दिवसात होतात, पण आम्ही तसं करू नका म्हणू. एक पुरता झाल्यावर दुसऱ्यात माणूस फक्त चालतो, बघत नाही. रात्र केप कोस्टला काढावी. शाकाहारी असाल तर रेड-रेड मागा, पाम तेलात शिजवलेली चवळी आणि तळलेली पिकली केळी. मासा आणि अंडं नको हे मागतानाच सांगा. शितो नावाची काळी चटणी टेबलावर असते, तिच्यात सुकी मासळी आणि कोळंबी असते, हे दिसून येत नाही.

एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधली, घडवलेले दगड जहाजातून आणून. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सोळा वर्षं आधी. सुरुवातीचा व्यवहार सोन्याचा होता, इतका की पोर्तुगीज दुसरीकडून गुलाम इथे आणून सोन्याच्या बदल्यात विकत. माणसं बाहेर पाठवायची वखार ती नंतर झाली, आणि मुख्यतः १६३७ मध्ये डचांनी घेतल्यावर. आतल्या चौकातलं पोर्तुगीज चर्च डचांनी दुसऱ्या कामांना लावलं आणि स्वतःची प्रार्थनेची खोली वर केली. तिच्या दारावर १३२ व्या स्तोत्रातली ओळ डच भाषेत अजून वाचता येते.

इथे बायकांचा चौक नीट बघा. चारी बाजूंनी कोठड्या, मध्ये मोकळी जागा, वर गव्हर्नरची गॅलरी. गव्हर्नर वरून बघून एक बाई निवडायचा, तिला चौकात धुवायचे आणि शिडीने वर पाठवायचे. नकार देणारीला चौकातल्या तोफेच्या गोळ्याला साखळीने बांधून उन्हात ठेवत. तो गोळा आजही तिथे आहे. प्रवेशाजवळ दोन कोठड्या शेजारी शेजारी आहेत. एकीत शिक्षा झालेले सैनिक ठेवत, तिला झरोका आहे. दुसरीच्या दारावर कवटी आणि हाडं कोरलेली आहेत, ती बंड करणाऱ्या गुलामांची, तिला झरोका नाही. गाईड दार लावतो. पहिलीत उभं राहून मग दुसरीत गेलं तर फरक कातडीला कळतो, म्हणून हाच क्रम सांगा. वर आतल्या मुलखातल्या आसांटे राज्याचा राजा प्रेम्पे पहिला याची खोली आहे. इंग्रजांनी १८९६ मध्ये त्याला पकडून आधी इथे ठेवलं, मग सिएरा लिओन, मग सेशेल्स. १९२४ मध्ये तो परत आला.

शेवटचं दार इथे दार नाहीच, भिंतीतली उभी फट आहे. अंगाने भरलेल्या माणसाला अंग तिरकं करून जावं लागतं. एका वेळी एकच जण बाहेर पडावा, गर्दीने रेटा देऊ नये, आणि मोजणाऱ्याचा नग चुकू नये, यासाठी ती तशी. कॅमेरा, पाठपिशवी बाजूला ठेवून जवळ जा, कडेचा दगड बघा. तळहात टेकवला की थंड लागतो.

बाहेर पडल्यावर वेळ असेल तर समोरच्या सेंट जॅगो टेकडीवर चढा, दहा मिनिटांचं काम. १६३७ मध्ये डचांनी इथेच तोफा ओढून आणून खालच्या पोर्तुगिजांना शरण यायला लावलं आणि नंतर तीच चूक आपल्या नशिबी नको म्हणून टेकडीवर स्वतःचा कोट बांधला. फाटक बंद असलं तर राखणदार आसपासच असतो, विचारलं की उघडतो. वरून दोन्ही खंदक, चौक, बेन्या खाडीवरचा पूल आणि होड्यांनी भरलेलं बंदर सगळं एका नजरेत येतं. खाली उतरताना पुलाजवळच केप कोस्टकडे जाणाऱ्या व्हॅन मिळतात. अंधार पडायच्या आत तिथे पोचा.